आपोआप गळलेली शिंगं

एक होता राजा. दयाळसेन त्याचं नाव. आता तो खरंच दयाळू होता की नाही, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही ठरवा. चिमे, पाय पांघरुणात घे. आणि विसू, ऐकायचं असेल तर गप्प पडून ऐक.

तर हा राजा रोज सकाळी उठला की बागेत जायचा आणि मुंग्यांना साखर घालायचा. स्वतःच्या हातानं, बरं का. मागे एक जण छत्री धरून उभा, एक जण साखरेचं ताट धरून उभा, आणि चार जण नुसते "वा महाराज, वा महाराज" म्हणायला उभे. राज्यात दवंडी होती की रानातलं जनावर कुणी मारायचं नाही. राजाला रक्त बघवत नसे. कलिंगड कापलं तरी तो तोंड फिरवायचा.

मग एकदा काय झालं, राजाला मुलगा झाला. गुटगुटीत, देखणा, पण सारखा रडायचा. वैद्य झाले, अंगारे झाले, पाळण्याची दिशा बदलून झाली. रडं थांबेना. मग कुणीतरी त्याच्या गळ्यात एक शिंग बांधलं. एवढंसं, अंगठ्याच्या पेराएवढं, काळं आणि गुळगुळीत. आणि पोर झोपलं! आता रडून रडून दमलं असेल, म्हणून झोपलं असेल. पण राजवाड्यात असं बोलायचं कुणी? सगळे म्हणाले, शिंगाचा गुण.

शिंग कुणाचं होतं? चौशिंग्याचं.

चौशिंगा तुम्ही पाहिलेला नाही. तो शेळीएवढा असतो, वाळल्या गवताच्या रंगाचा. डोळे मोठे, पाय काटकुळे. डोक्यावर चार शिंगं. मागची दोन बोटाएवढी आणि पुढची दोन, भुवयांच्या वर, अगदी इवलीशी. शिंगं फक्त नराला, मादीला नाहीत. तो कळपानं राहत नाही, डोंगरउतारावर गवतात एकटा फिरतो. भित्रा इतका, की पान पडलं तरी दचकतो. आणि त्याच्या दोन सवयी आहेत. एक म्हणजे त्याला रोज पाणी लागतं. आणि दुसरी म्हणजे लेंड्या टाकायला तो रोज त्याच जागी जातो. हसू नका! रानात अशा सवयीनं जीव जातो.

मग राजपुत्राच्या गळ्यात शिंग आहे म्हटल्यावर प्रधानाच्या नातवाला हवं. सावकाराच्या मुलीला हवं. पुढची शिंगं पोरांच्या गळ्यात, मागची दाराच्या चौकटीला. सगळ्या नगराला शिंगं हवी झाली.

राजानं मात्र विचारलं बरं का. एकदाच विचारलं. "ही शिंगं येतात कुठून? माझ्या राज्यात कुणी जनावर तर मारत नाही ना?"

तेव्हा अंतोजी नावाचा एक कारभारी पुढे आला. गोड बोलणारा, हात जोडूनच चालणारा. तो म्हणाला, "छे छे, महाराज! सांबराची शिंगं दरसाल फाल्गुनात गळतात की नाही? रानात पडलेली असतात, लोक वेचून आणतात. तशीच चौशिंग्याची. आपोआप गळतात. आमची माणसं टोपल्या घेऊन जातात आणि वेचतात, जशी मोहाची फुलं वेचावीत तशी."

राजाला किती बरं वाटलं! तो म्हणाला, "वा! रक्त नाही, हिंसा नाही, आणि लेकरांना झोप. अंतोजी, आजपासून तुम्ही आमचे शिंगणवीस." आणि त्याला एक शिक्का दिला. प्रत्येक शिंगाला एक चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर तो शिक्का: 'आपोआप गळलेलं. कुणालाही इजा न करता.'

झालं. लोक चिठ्ठी वाचायचे आणि निर्धास्त व्हायचे. एवढं मोठं नगर, एवढे शहाणे लोक, दरबारात पंडित, पाठशाळेत गुरुजी, आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, गळताना कुणी पाहिलंय का? एकानंही नाही. कारण विचारलं असतं तर पोराच्या गळ्यातलं काढावं लागलं असतं.

आता चला डोंगरावर.

नगरापासून दोन दिवसांच्या वाटेवर घोंगड्या डोंगर होता. लांबून दिसायचा जसा कुणी म्हातारा घोंगडं पांघरून बसलाय. त्याच्या खांद्यावर अकरा झोपड्यांची वाडी आणि वाडीच्या वर कातळात एक झरा. त्या सगळ्या डोंगराला उन्हाळ्यात तेवढंच पाणी. आणि त्या झऱ्याची एक रीत होती. पहिला घोट रानाचा. सकाळी जनावर येऊन पाणी पिऊन गेलं, की मग माणसानं घागर बुडवायची. कुणी आधी बुडवली, तर झरा रुसायचा. पाणी सुर्रकन कातळात आत जायचं. आणि पुन्हा बाहेर कधी यायचं? नर चौशिंग्यानं येऊन तिथल्या ओल्या दगडाला तोंड लावलं की. दुसऱ्या कुणासाठी नाही.

झऱ्याची राखण साळू नावाची बाई करायची. तिची आई करायची, तिची आजी करायची. साळू रोज गाळ काढायची, पानं काढायची, आणि मग लांब करवंदीच्या जाळीआड बसून वाट बघायची. कोण आलं, कोण नाही, तिला सगळं ठाऊक.

मग तिला दिसायला लागलं की चौशिंगे कमी झाले. आधी वाटलं, बिबट्यानं नेले असतील. मग एके दिवशी ओढ्यात तिला एक चौशिंगा सापडला. धड होतं आणि डोकं नव्हतं. बिबट्या काय डोकं तेवढं नेतो? पुढच्या महिन्यात आणखी दोन. मग पाच. सगळे नर. दोन वर्षं गेली. डोंगरावर पाडसं दिसेनाशी झाली. माद्या एकट्याच यायच्या, पाणी प्यायच्या, एकट्याच जायच्या. नर उरला एक. एक कान फाटलेला. साळू त्याला फाटक्या म्हणायची.

मग साळू उठली आणि नगरात गेली.

पहिल्यांदा गेली ती थेट शिंगणविसाच्या कचेरीत. अंतोजीनं तिला बसायला पाटसुद्धा दिला. "बोला, बाई."

साळू म्हणाली, "शिंगं गळत न्हाईत, सायेब. सांबराची गळत्यात. चौशिंग्याची जल्मभर डोक्यावर असत्यात. तुमची मान्सं फास लावून मारत्यात."

अंतोजी हसला. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

"तरीच." त्यानं एक चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "इथे लिहिलंय, आपोआप गळलेलं. खाली शिक्का आहे. आता शिक्का खोटं बोलेल का?"

साळू परत आली.

मग दुसऱ्यांदा गेली. या वेळी रानात सापडलेलं सांबराचं गळलेलं शिंग बरोबर घेतलं आणि बाजारात उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागली. "बघा, गळलेलं शिंग हे असं असतं. भरीव. बूड खरबरीत. आता तुमच्या पोराच्या गळ्यातलं बघा. पोकळ हाय का न्हाई?" दोन-चार लोक थांबले. पण एका म्हातारीनं नातवाच्या गळ्यातलं शिंग मुठीत लपवलं आणि ओरडली, "चल निघ! लेकराला दृष्ट लावतेस होय गं? आम्ही दयाळू माणसं. आम्ही मुंगी मारत नाही!" मग सगळेच ओरडले. कुणी तिच्या हातातलं शिंग हिसकावून गटारात टाकलं. दयाळू माणसं, बरं का!

साळू परत आली.

मग तिसऱ्यांदा गेली. या वेळी वाडीतल्या देवळातली जुनी कवटी घेतली. तिच्या आजीच्या वेळी म्हातारपणानं मेलेल्या चौशिंग्याची. आणि कुठे गेली? कचेरीत नाही, बाजारात नाही. पहाटे राजाच्या बागेत, मुंग्यांच्या वारुळाशी जाऊन बसली. राजा साखर घालायला आला, तशी तिनं कवटी फडक्यातून काढली.

राजानं तोंड फिरवलं. "हे काय अभद्र! दूर करा."

"म्हाराज, रगात न्हाई यात," साळू म्हणाली. "एकडाव बघा. ही हाडाची खुंटी दिसती? कवटीतनंच उगवल्याली हाय. आन् हे तिच्यावरचं शिंग. तलवारीवर म्यान असतं तसं." आणि तिनं शिंग धरून ओढलं. जुनं, वाळलेलं, ते सटकन निघालं. आतलं हाड तिथंच राहिलं.

अंतोजी छत्रीमागून टाळ्या वाजवत पुढे आला. "पाहिलंत, महाराज? गळलं! आपोआप गळलं! बाईंनीच दाखवलं!"

सगळे हसले. साळूचे डोळे पेटले. "मेल्यावर! मरून कितीतरी पावसाळं गेल्यावर! जित्या जनावराच्या डोक्यावरनं हे ओढून बघा की. तुमच्या बोटाचं नख ओढून काढल्यावानी हाय ते!"

हसणं थांबलं. राजानं आपल्या नखाकडे पाहिलं. त्याला पहिल्यांदाच जरा कसंसंच झालं. पण राजाच तो. चुकलो असं एकदम कसं म्हणणार? तो म्हणाला, "ठीक आहे. जिवंत चौशिंगा दरबारात आणा. फाल्गुन संपेपर्यंत ठेवू. शिंगं गळली तर अंतोजी खरे, नाही गळली तर तू खरी."

"तो यायचा न्हाई, म्हाराज. दोर लावला तर भ्यानंच मरंल. आन्..." साळूनं कवटी उराशी धरली. "आन् आता एकच ऱ्हायलाय. एकच नर. त्यो मेला तर सगळंच सपलं. तुमीच या डोंगरावर. फाल्गुनाचं शेवटचं तीन दिस तुमच्या डोळ्यांनी बघा."

राजा म्हणाला, "येतो."

आता सांगा, साळू कुठे चुकली? चुकलीच. ती खरं बोलली, पण चुकीच्या माणसासमोर बोलली. एकच उरलाय, हे अंतोजीनं ऐकलं. म्हणजे तो एक मेला की पुरावाही गेला. मग म्हणायला मोकळे, कुठे आहे तुझा चौशिंगा? विसू, आलं का लक्षात? अंतोजीच्या आलं होतं. त्यानं त्याच दिवशी हैबती नावाच्या फास लावणाऱ्या माणसाला डोंगरावर धाडलं.

मग फाल्गुनाचे शेवटचे तीन दिवस उरले आणि राजा डोंगरावर आला. कसा आला? चार हत्ती, दोनशे शिपाई, नगारा, आचारी, आणि मुंग्या भेटल्या तर असाव्यात म्हणून साखरेची दोन पोती! वाडीतली माणसं बघतच राहिली.

पहिला दिवस उजाडला. साळू सांगत होती, "म्हाराज, थांबा, आदी रानाला पिऊ द्या." पण माहूत कुणाचं ऐकतात? हत्ती तहानलेले. घागरी बुडल्या, पखाली बुडल्या. आणि झरा रुसला. सुर्र! पाणी कातळात गेलं. खाली नुसता ओला दगड. माहूत ओरडले, आचारी ओरडले. संध्याकाळपर्यंत हत्ती खाली न्यावे लागले, नगारा गेला, निम्मे शिपाई गेले. चौशिंगा आला नाही. नगाऱ्यावर कोण येईल?

दुसरा दिवस. राजा म्हणाला, आता शांत बसू. पण शिपायांच्या तलवारी खणखणत होत्या, राजाच्या अत्तराचा वास वाऱ्यावर पार पलीकडच्या उतारापर्यंत जात होता. चौशिंगा आला नाही. दुपारी साळू राजासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत तिनं.

"म्हाराज, त्याला रोज पानी लागतं. दोन दिस झालं. तुमी हितं बसलायसा म्हनून तो तिकडं तडफडतोय. तुमची दया घेऊन जरा लांब बसा."

शिपाई तिच्या अंगावर धावले. राजानं हात वर केला. त्याचेही ओठ सुकले होते. पखालीतलं पाणी सकाळीच संपलं होतं. तो म्हणाला, "सगळे खाली जा. मी एकटा राहतो."

अंतोजी सगळ्यात आधी निघाला. म्हणाला, "महाराज, मी येतो. मला जरा काम आहे." कसलं काम? डोंगरावर शिंगणविसाला कसलं काम असतं? पण हेही कुणी विचारलं नाही.

तिसरा दिवस. राजानं मोजड्या काढल्या, हातातली कडी काढली. साळूनं त्याला मातीचा गोळा दिला. त्यानं तो अंगाला चोळला, अत्तर घालवायला. मग दोघं करवंदीच्या जाळीआड पालथे पडून राहिले. राजा आणि राखणदार बाई, शेजारी शेजारी. बोलायचं नाही. खोकायचं नाही.

सूर्य वर आला. एक मोर आला, दगडावर चोच मारून गेला. चौशिंग्याच्या दोन माद्या आल्या. हुंगलं, पाणी नाही, गेल्या. फाटक्या आला नाही.

ऊन डोक्यावर आलं. राजाची जीभ टाळूला चिकटली. साळूनं उताराकडे पाहिलं. आता नगारा नाही, वास नाही, वारा बरोबर दिशेनं आहे. मग येत का नाही?

आणि एकदम तिनं कपाळावर हात मारला.

तीन दिवस तिनं पाण्याची राखण केली. सगळे पाण्याकडे बघत होते, राजा पाण्याकडे, शिपाई पाण्याकडे, ती पाण्याकडे. आणि दुसरी जागा? जिथे तो रोज लेंड्या टाकायला जातो, ती? ओढ्याच्या वळणावरची, सागाच्या रोपांमधली? तिकडे कोण बघत होतं?

"उठा," ती कुजबुजली. "पळा. आन् आवाज करू नका."

पळाले दोघं. राजा अनवाणी, बरं का. करवंदीचे काटे, तापलेले दगड. राजाच्या पायातून रक्त आलं. त्याला ते दिसलंही. पण तोंड फिरवायला वेळ कुठे होता?

वळणावर पोचले आणि साळू जागच्या जागी थांबली.

फाटक्या फासात होता. एक साग वाकवून त्याच्या शेंड्याला दोर बांधलेला, आणि त्या दोरात चौशिंग्याचा मागचा पाय. अर्धा वर उचललेला. जीभ बाहेर, बरगड्या भराभरा हलतायत. डोक्यावर चारही शिंगं. दहा पावलांवर कोयता घेतलेला हैबती, हळूहळू जवळ येत. आणि पलीकडे, सावलीत दगडावर, मांडीवर पेटी घेऊन बसलेला अंतोजी. त्याची पाठ होती इकडे.

राजानं ओरडायला तोंड उघडलं. साळूनं काय केलं? राजाच्या तोंडावर हात दाबला! राजाच्या! "वरडू नका," ती त्याच्या कानात म्हणाली. "वरडलात तर जाग्यावर मरंल त्यो."

आणि ती उठून चालत गेली. पळाली नाही. सावकाश, पाण्याला जावं तशी. चौशिंगा आणि कोयता, दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. हैबतीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं. मागे मातीनं माखलेला, रक्ताळल्या पायांचा राजा. हैबतीचा कोयता हवेतच राहिला.

अंतोजीला काही पत्ता नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "अरे उरक, हैबती. चिठ्ठ्या तयार आहेत."

राजा त्याच्या मागे गेला. पेटीवर चार चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या. शाई अजून ओली होती. राजानं एक उचलली आणि वाचली. 'आपोआप गळलेलं. कुणालाही इजा न करता.' मग त्यानं मान वर करून पाहिलं. ज्या शिंगाची ती चिठ्ठी, ते शिंग तिथे समोर होतं. जिवंत डोक्यावर. थरथरत.

अंतोजीनं वळून पाहिलं आणि पेटी मांडीवरून पडली.

पण त्याच्याकडे बघायला आता वेळ नव्हता. साळूनं पदर सोडला आणि चौशिंग्याच्या डोळ्यांवर टाकला. अंधार झाला की भीती थोडी कमी होते, म्हणून. तरी त्याचं काळीज बरगड्यांतून दिसावं असं उडत होतं. दोर पायात रुतला होता. ओढला की आणखी आवळायचा.

"कापू नगा," हैबती हळूच म्हणाला. "कापला तर झाड उसळंल, पाय मोडंल. झाड खाली धरलं पायजे. गाठ माझी हाय, मलाच सुटंल."

साळूनं त्याच्याकडे पाहिलं. याच हातानं त्यानं सगळे मारले होते. त्याला आता जवळ येऊ द्यायचं? पण दुसरं कोण होतं?

"कोयता टाक," ती म्हणाली. "लांब टाक. बोटांनी सोड."

कोयता पडला. राजानं सागाचा शेंडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली वाकवला. ते झाड त्याला वर खेचत होतं. तळहाताची सालटी निघाली. "लवकर," तो पुटपुटला. हैबती गुडघ्यावर बसला. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. तिसरा अडकला. चौशिंग्यानं एक आचका दिला आणि मान टाकली.

हैबतीनं दात लावले गाठीला. सुटली. राजानं शेंडा हळूहळू वर सोडला. साळूनं पदर काढला. चौशिंगा तसाच पडलेला. डोळे उघडे, हालचाल नाही. राजा पुढे झाला, त्याच्या पाठीवरून हात फिरवायला. साळू दातओठ खाऊन म्हणाली, "हात लावू नका! तुमच्या हाताचं त्याला काय कवतिक? मागं सरा. सगळी मागं सरा."

सगळे मागे सरले. राजा, हैबती, अंतोजी. वीस पावलं. तीस पावलं. आणि थांबले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग एक कान हलला. फाटका कान. मग मान वर आली. तो उठला, पडला. पुन्हा उठला. आणि लंगडत लंगडत, एकदाही मागे न बघता, चढावर गवतात शिरला. गवत हलत हलत वर जाताना दिसलं, झऱ्याच्या दिशेनं. मग थोड्या वेळानं वरून आवाज आला. झुळझुळ, झुळझुळ. कातळातून पाणी बाहेर येत होतं.

राजा मटकन खाली बसला. त्याला पाणी हवं होतं, पण तो उठला नाही. आधी वर पिऊन होऊ दे, म्हणून बसून राहिला.

मग तो अंतोजीला म्हणाला, "मला फसवलंस."

आता अंतोजी काय म्हणाला, ते नीट ऐका. तो म्हणाला, "महाराज, आपणच म्हणालात, रक्त नाही, हिंसा नाही आणि लेकरांना झोप. शिंग हवं आणि रक्त दिसायला नको. मी शिंग आणलं आणि रक्त दिसू दिलं नाही. आपण एकदाच विचारलंत. दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी काय करणार होतो?"

अंतोजी लबाड होता, पण हे मात्र खरं बोलला.

राजानं शिक्का तिथंच दगडानं फोडला. अंतोजीला शिक्षा काय दिली? तुरुंग नाही. घोंगड्या डोंगरावरचे सगळे फास त्यानं स्वतःच्या हातानं शोधून काढायचे. हैबतीनं जागा दाखवायच्या, अंतोजीनं काटेरी झुडपात हात घालायचा, आणि वाडीच्या माणसांनी लक्ष ठेवायचं. वर्ष लागलं त्याला.

मग राजा साळूसमोर उभा राहिला. मान खाली. म्हणाला, "मला माफ कर."

साळू म्हणाली, "मी कोन माफ करनार? जो मेला त्याला इचारा. आन् जो जिता हाय, त्याला तुमची भाषा येत न्हाई. तुमी फकस्त लांब ऱ्हावा, म्हाराज. लई झालं तेवढं."

राजा पायीच नगरात परतला. राजपुत्राच्या गळ्यातलं शिंग त्यानं आधी काढलं. पोर दोन दिवस रडलं, मग सगळी पोरं झोपतात तसं झोपायला लागलं. मग राजानं दवंडी दिली. दुसऱ्याच्या तोंडानं नाही, स्वतः चौकात उभा राहून. "शिंगं गळत नाहीत. ती कापली जातात. पहिलं शिंग माझ्या मुलाच्या गळ्यात होतं." काही लोकांनी शिंगं आणून दिली. काहींनी लपवली. काही तर म्हणाले, राजाला डोंगरावर ऊन लागलं. खोटं पसरायला एक चिठ्ठी पुरते हो. खऱ्याला राजा लागला, तरी पुरं पडेना.

आणि डोंगरावर? पहिलं वर्ष गेलं, काही नाही. साळू रोज जाळीआड बसायची. फाटक्या लंगडत यायचा, प्यायचा, जायचा. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एके सकाळी एक मादी आली. पोटाशी दोन पाडसं. काटकुळ्या पायांची, लटपटणारी. एकाच्या डोक्यावर, भुवयांच्या वर, केसांत दोन बारीकशा पुळ्या. साळूनं तोंडावर हात दाबला, आनंदानं ओरडू नये म्हणून.

राजाचा निरोप्या दरवर्षी यायचा, किती झाले, किती वाढले विचारायला. साळू एवढंच म्हणायची, "हायेत." निरोप्या विचारायचा, "कुठे आहेत?" साळू म्हणायची, "डोंगरावर." तो वैतागून परत जायचा.

मग चौशिंगे उतारावर सुखात राहिले, वाडी झऱ्याशी सुखात राहिली, आणि राजासुद्धा राहिला, पहिल्यापेक्षा जरा कमी सुखात, पण ते बरंच झालं. आता पुरे. विसू, उद्या कुणी तुला काही छापलेलं दाखवलं तर काय करायचं? झोपला वाटतं. चिमे, तूही डोळे मीट. आणि कूस बदलताना जरा हळू गं, बाळ, विसू दचकेल.